नसलेला हात

कर्नल प्रूएट यांचा उजवा हात यादवी युद्धात खांद्यापासून गेला होता, तरी दुपारची डुलकी लागली की त्याची बोटं त्यांना जाणवायची. अमेरिकेच्या दक्षिणेत त्या काळी निवडणुकीच्या सभेत रिकामी बाही उंच धरली की मतं पडायची. युद्धाआधी ते वकील होते आणि हाच हात गुलामांची खरेदीखतं लिहायचा, हे कुणी काढत नसे.

आज एकेकाळची गुलाम हेस्टर ते काढायला आली होती. गुलामी संपल्यापासून आठ वर्षं ती आपल्या विकल्या गेलेल्या मुलीला शोधत होती.

"डेल्फीचा कागद तुम्हीच लिहिला होता, कर्नलसाहेब. कुणाला विकलं तिला?"

"ते कागद युद्धात जळाले, हेस्टर. मला नाही आठवत."

ती पायरीवरून हलली नाही. मॅग्नोलियाच्या झाडाची सावली हळूहळू अंगणभर पसरली, कर्नलांचे डोळे मिटले, आणि रिकाम्या बाहीतल्या बोटांनी टाक उचलला. मिटल्या डोळ्यांपुढे वळणदार अक्षरं उमटू लागली. समोरचं वाचावं तसे ते पुटपुटले, "डेल्फी, वय नऊ. घेणार रॉवन, कापसाचा मळा, नॅचेझ."

हेस्टरला लिहिता येत नव्हतं. तिनं त्यांच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं आणि घोकत घोकत फाटकाबाहेर पडली.

कर्नलांना जाग आली. सभेला न्यायला गाडी दारात उभी होती. बाहीतली बोटं मात्र थांबायला तयार नव्हती. त्या बोटांनी पुढचा कागद ओढून पुढचं नाव लिहायला घेतलं होतं.