शेन नवरा-बायकोच्या तक्रारी

“शून्य,” शेन आंटी म्हणाल्या.

आधारगटातर्फे प्रश्न विचारायला आलेल्या नेत्राने लॅपटॉपवरून मान वर केली. “आंटी, प्रश्न तरी पूर्ण ऐका. दुःखानंतर तुम्ही आधीपेक्षा कणखर झालात, असं वाटतं? शून्य ते पाच.”

“कणखर कुठली. शून्य. तू चहा घे.”

कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटच्या त्या टाउनहाउसमध्ये दोघांची ही तिसरी परीक्षा होती. तीन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी यिंग फ्रीवेवरच्या अपघातात गेली. आता गावातल्याच आणखी एका चिनी घरातला मुलगा गेला होता. ते आईबाप कुणाशी बोलत नव्हते. त्यांच्याकडे जायचंच, असं शेन आंटींनी ठरवलं होतं. पण घर कुठलं, हे फक्त मूल गमावलेल्यांच्या आधारगटाला ठाऊक. आणि गटाचा नियम असा, की दुःखातून माणूस किती उभा राहिला ते आधी मोजायचं. नवरा-बायको दोघंही पास झाले, तरच पत्ता.

अंकलनीही प्रत्येक प्रश्नाला शून्यच सांगितलं होतं. स्वतःची स्तुती करण्यापेक्षा दोघांनी तापलेला तवा चाटला असता.

नेत्राला एकदम आपले बाबा आठवले. शशिकांतरावांनी उभ्या जन्मात बायकोच्या स्वयंपाकाला चांगलं म्हटलं नव्हतं. ‘हिच्यापायी माझी एक पँट होत नाही,’ एवढंच म्हणायचे, आणि आई दिवसभर गुणगुणत राहायची.

तिने लॅपटॉप मिटला. “अंकल, ते प्रश्न जाऊ देत. आंटींचा तुम्हाला त्रास काय होतो, ते सांगा.”

अंकल खुर्चीसकट पुढे सरकले. “साठीत गाडी शिकली ही! यिंग गेली त्याच फ्रीवेवर चालवते. मी शेजारी डोळे मिटून बसतो, तर विचारते, झोप आली का. त्यात रस्त्यात कुणी रडताना दिसलं की उचलून घरी आणते. परवा पार्किंगमधली एक बाई आणली. माझे सगळे डम्पलिंग खाऊन गेली ती.”

नेत्राने लॅपटॉप उघडून आंटींचे मार्क भरले. पाच. पाच. पाच.

“आता आंटी, तुम्ही सांगा. अंकलची तक्रार.”

“घोरतो,” आंटी तत्काळ म्हणाल्या. “शेजाऱ्याच्या गाडीचा अलार्म वाजतो. पलीकडच्यांचं मांजर कंटाळून शेजारच्या गावी, मिलपीटासला राहायला गेलं.”

“आणखी काही?”

“आणखी काय हवं? घोरतो.”

नेत्रा हिरमुसली. घोरण्याला मार्क नव्हते. अंकल नापास, म्हणजे आंटीही घरीच. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, “त्याला मशीन मिळतं हं, आंटी. एका रात्रीत बंद होतं घोरणं.”

आंटींनी किटली दाणकन टेबलावर ठेवली.

“मशीन आणशील तर याद राख. यिंग गेल्यावर दोन वर्षं हा माणूस घोरला नव्हता.”