हमारी फीस

"हम हार गये, भाभी," वकील उमैर म्हणाला आणि त्याने खजुराची बशी मालविकासमोर सरकवली.

मालविकाने नुसती मान हलवली. मंगळवार होता. खजूर उपासाला चालतो, पण आज तो नकोसा वाटला. शेजारी तिचा नवरा, गुरुप्रसाद, खिडकीतून आखाताकाठचे वेस्ट बेचे टॉवर बघत होता. समोरच्याच टॉवरची ड्रॉइंग्ज त्याने करून दिली होती. कंपनीने त्याचं बिल बुडवलं, त्यासाठीच ही केस.

तरी त्या 'हम'ने तिला जरा धीर आला. उमैर पहिल्या दिवसापासून असंच बोलायचा. हम नोटीस भेजेंगे, हम लडेंगे, इन्शाल्ला हम जीतेंगे. फी घेणार तीही जिंकल्यावरच. अल हिलालच्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी देवापुढे दिवा लावताना ती घरच्यांची नावं घ्यायची. त्यांत हळूहळू उमैरचंही नाव आलं. लेक गार्गी चिडवायची, "आई, ही इज अवर लॉयर, नॉट माय काका." ती हसून वात पुढे सारायची.

मध्यंतरी कंपनीने अर्ध्या रकमेवर मिटवायची तयारी दाखवली होती. अर्ध्यात गार्गीचं पुण्यातलं सगळं शिक्षण निघालं असतं. गुरुप्रसाद घ्यायला तयार होता. उमैर म्हणाला होता, निर्णय तुमचा, पण केस चांगली आहे. "और हारे तो हमारी फीस नहीं, सर. खलास."

एरवी व्यवहारात तोंड न घालणारी मालविका तेव्हा परतताना गाडीत म्हणाली होती, "अहो, हरलो तरी आपलं काहीच जात नाहीये. मग नाहीच म्हणा."

त्याने नाही म्हटलं होतं.

आता ती उठली. पदर सावरला. आभाराचं शुक्रन म्हणाली, देवाची इच्छा म्हणाली. उमैरने तिला हातानेच बसायला सांगितलं. मग आवाज खाली आणून तो बोलू लागला. समोरच्यांच्या वकिलांची फी, त्यांनी आणलेल्या तज्ज्ञांची फी, सगळा खर्च कोर्टाने हरलेल्या बाजूवर घातला होता. हे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, असंही तो म्हणाला. सांगितलं असेल. ती तेव्हा मनातल्या मनात जप करत होती.

त्याने आकडा सांगितला.

गुरुप्रसाद मनात हिशेब करू लागला. जुन्या नोकरीची ग्रॅच्युइटी, नाशिकचा फ्लॅट, गार्गीच्या नावाची ठेव, सगळं घातलं तरी तो आकडा पुरा होत नव्हता. पुढच्या महिन्यात गार्गीची ॲडमिशन होती.

मालविका मात्र शांत होती. एवढं मोठं ओझं, पण उचलायला माणसं आहेत, असा तिचा चेहरा होता. तिने हळू आवाजात, आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, "तो उस में आप का हिस्सा कितना रहेगा, भाईसाब?"

उमैरने तिच्याकडे निरखून पाहिलं. ती थट्टा करत नाहीये, हे त्याच्या लक्षात आलं.

"हारी हुई पार्टी हम नहीं, भाभी," तो म्हणाला. "आप हैं."

हिंदीत दोन्हीला एकच शब्द आहे. इतके दिवस तो 'आम्ही' म्हणत होता, आणि ती 'आपण' ऐकत होती.