शिगेओचा वाडगा

मिडवेची लढाई आपल्या जपानी आरमाराने जिंकली, असं रेडिओने ओरडून सांगितलं त्याला महिना झाला. पण त्या विजयी जहाजांवरून कुरे बंदरातल्या एकाही घरी पत्र आलं नव्हतं.

किनुएच्या सासूबाई रेडिओ ऐकतच नसत. त्यांचा सगळा भरवसा झाकणावर. लढाईवर गेलेल्या मुलाचं ताट घरी रोज वाढायचं, आणि जेवणं झाली की त्याच्या भाताच्या वाडग्यावरचं झाकण उचलायचं. आतून थेंब दिसले, तर पोरगा सुखरूप. म्हणून किनुए नवऱ्याच्या वाडग्यात न चुकता वाफाळता भात वाढायची, आणि म्हातारी निवांत झोपायची.

आज मात्र कोळसा संपला. किनुएने सकाळचा गार भातच वाढला. जेवणानंतर ती भांडी विसळून येते तोवर सासूबाईंनी झाकण उचललंही होतं.

"बघ, थेंबच थेंब! उगाच जिवाला घोर लावून घेतेस. सुखरूप आहे माझा शिगेओ."

"हो, आई," किनुए कशीबशी म्हणाली.

सासूबाईंच्या बोटांवरून अजून पाणी ठिबकत होतं.