देव्हाऱ्याशेजारचा कॉम्प्युटर

सेलूच्या मोंढ्यात सांबप्पांच्या आडतीवर मल्लेश सकाळपासून घाम गाळत होता. कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी जागं होतं ते बायोस. आडतीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या बायोसची सेटिंग एकाच जागेवरून बदलणारं सॉफ्टवेअर आज बसलं, तरच वर्षभराच्या देखभालीचं काम त्याच्याकडं राहणार होतं.

"न्हाई जमलं तर नांदेडवाला हायच," सांबप्पांनी सुपारी कातरत आशीर्वाद दिला.

मल्लेशनं बटण दाबलं. एकेक कॉम्प्युटर बंद पडून मुकाट्यानं पुन्हा उठला.

"जमलं की, आप्पा! एक बी रुसला न्हाई!"

पेढे आले. मल्लेशनं छाती फुगवून पडद्यावरची कॉम्प्युटरांची नावं वाचली. "मुनीम, काटा, गोदाम, थोरले आप्पा. समदे पास!"

अडकित्ता थांबला. "आरं, थोरले आप्पा म्हंजी माझे वडील. ते गेल्यापासून त्यांचा कॉम्प्युटर देव्हाऱ्याशेजारी हाय. दसऱ्याला भस्म लावतो फक्त. त्याला वायर कुठंय?"

"बिगर वायरीचा बी घेतला? मग तर सॉफ्टवेअर लयच भारी!"

तेवढ्यात भस्माच्या पट्ट्यांखाली हिरवा दिवा लागला. आणि थोरले आत आले की गादीवरची माणसं उठायची, तसे आडतीतले सगळे कॉम्प्युटर बंद होऊन एकदम उठले.