लग्नाची कॅसेट

वाडीच्या स्टुडिओत श्वेता तीन दिवस एका स्वस्तातल्या कॅप्चर कार्डाशी झटत होती. पंचफुलाकाकूंच्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट त्यातून कॉम्प्युटरवर घ्यायची होती. आधी एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्या कार्डाला ओळखच देईना. मग चित्र आलं, पण काळंपांढरं. रंग आले, तर आवाज मागे पडायला लागला. रुपरावकाकांना जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्यांचा आवाज म्हणून काकूंकडे ही एवढी कॅसेटच होती.

चौथ्या दिवशी काकू कोराडीहून बस धरून स्वतःच आल्या आणि पडद्यासमोर बसल्या. मांडवात सगळे जण नवरदेवाला बायकोचं नाव घ्यायला लावत होते. काकांचे ओठ हलले, थांबले, आणि त्यानंतर कुठे "पंचफुला" ऐकू आलं.

"काकू, आवाज मागून येऊन राहिला," श्वेता ओशाळून म्हणाली. "चांगलं कार्ड मागवते, मग बरोबर जुळवून देते."

काकू पदराने डोळे पुसता पुसता हसायला लागल्या.

"जुळवू नको वं. माझ्यापुढं ह्यायचं जन्मभर असंच झालं. तोंड आधी उघडे, आवाज मागून."