रविवारची गाडी

बटण दाबताच गाडी हिव भरल्यासारखी थडथडली आणि अकलूजहून आलेलं गिऱ्हाईक चहा अर्धा टाकून उठलं.

"टर्बो इंजिन, त्यात दोन लाख किलोमीटर पळालेलं. संपलंय हे," जाता जाता तो म्हणाला.

शिवराज पार वैतागला. हे दुसरं गिऱ्हाईक. पहिल्याच्या वेळीही हेच रडगाणं. आणि दोन्ही वेळा मेकॅनिक आसिफ येईपर्यंत इंजिन इतकं शहाण्यासारखं चालू लागलं होतं, की आसिफ शिवराजकडेच संशयाने बघायला लागला.

"भाई, काही झालं नाही याला. असली मशीन पळवली तर टिकते, उभी केली तर मरते."

पळवायला वडील होतेच. मानसिंगराव इंजिन गरम झाल्याशिवाय गाडी दामटत नसत, थांबल्यावर लगेच बंद करत नसत, ऑइल मुदतीआधी बदलत. आणि दर रविवारी सकाळी अक्कलकोट रस्त्याला गाडी पिटाळत, 'इंजिन मोकळं करायला'. निघण्याआधी बॉनेट उघडून एकेक वायर तपासत. तेव्हा टॉर्च धरायला शिवराजची आई विजयमालाबाई, आणि मग शेजारच्या सीटवरही त्याच.

"स्टेपनीवानी घिऊन फिरत्यात मला," आई फोनवर कुरकुरायची. "इक बाबा ती गाडी एकदा. लई कटाळा आलाय."

म्हणून तर शिवराज पुण्याहून रजा काढून आला होता. वडिलांचं वय झालेलं, गाडी ही असली वाऱ्यासारखी. ती गेली की आई सुटेल. पण गाडी जायला तर पाहिजे. शेवटी त्याने वडिलांनाच गाठलं.

"बाबा, गिऱ्हाईक आलं की तुम्ही काही करता का गाडीला?"

मानसिंगरावांचा चेहरा उतरला. "पोटच्या लेकरावानी संभाळली तिला. इकायची तर इक. पर तिला लंगडी मी न्हाय करणार."

पोटचं लेकरू समोरच उभं होतं, पण त्याच्याकडे कोण बघतंय. शिवराजचा काही विश्वास बसला नाही.

शनिवारी वळसंगचं गिऱ्हाईक यायचं होतं. शिवराजने सकाळीच वडिलांना आसिफच्या गॅरेजवर बसवून ठेवलं. खुंटीवरची चावी काढून आईच्या हवाली केली. तिने ती कमरेला खोचली.

"काळजी करू नगंस. माज्याजवळनं कोन घेतंय."

गिऱ्हाईक आलं. गाडी थडथडली. या खेपेला त्याने चहाही घेतला नाही.

शिवराजने चावी टेबलावर आपटली. आसिफला बोलवायचंही त्राण उरलं नव्हतं. "मरू दे. नाही विकायची आता. राहू दे इथंच."

"माजं नशीबच खोटं," म्हणत आईने कपबशा उचलल्या.

रविवारी सकाळी शिवराज गच्चीवर दात घासत उभा होता. रात्री पुण्याला परतायचं होतं आणि रजा फुकट गेल्याचा राग अजून उतरला नव्हता. खाली अंगणात आई एकटीच होती, ठेवणीतली साडी नेसून. तिने गाडीचं दार उघडलं, आतला खटका ओढला, बॉनेट वर केलं. मग आत हात घालून एका प्लगवरची सुटलेली पिन अंगठ्याने दाबून बसवली, बॉनेट आवाज न करता लावलं आणि बोटं फडक्याला पुसली.

"अवो, आवरलं का न्हाय?" तिने घराकडे तोंड करून हाक मारली. "इंजिन मोकळं करायचंय की."