गुडघ्यावर लक्ष

“कुमुदकाकू, गुडघा पुन्हा मागे वळला! लक्ष गुडघ्यावर ठेवा.”

“तेच तर ठेवतेय सकाळपासून! जितकं बघावं तितका तो जास्त माजतोय.” काकू वैतागून पाटावरून उतरल्या.

त्यांचे सांधे जन्मापासून सैल. शाळेत असताना त्या पावलं डोक्याला टेकवून दाखवायच्या, तेव्हा सगळी आळी टाळ्या वाजवायची. आता तेच गुडघे भलतीकडे वळत होते, आणि व्यायाम शिकवायला घरी येणाऱ्या मृण्मयीनं बजावलं होतं, आज पाटावर नीट चढउतार जमली नाही तर हातात काठी घ्यायची.

“काठी घेऊन मी म्हातारी दिसेन ना!” त्र्याहत्तर वर्षांच्या काकू फणकारल्या. “बस झालं तुझं गुडघापुराण. लोणचं खा आणि घरी जा.”

त्या तशाच पाटावर चढल्या, स्वयंपाकघरातल्या फळीवरची भरलेली बरणी काढली आणि खार सांडू नये म्हणून ती छातीशी धरून हळूच खाली उतरल्या.

मृण्मयी बघतच राहिली. “काकू, गुडघा...”

“आता काय केलं मेल्यानं?”

“काहीच नाही. जागेवर राहिला. काठी राहू द्या. उद्यापासून बरणी घेऊनच चढायचं.”

“आणि गुडघा?”

“त्याचं नावसुद्धा काढायचं नाही.”